मऊ पडलेलं होल्स्टर मुरलेलं नसतं: पिस्तूल बाळगणाऱ्यांनी या चुका टाळा

पिस्तुलातून चुकून गोळी सुटल्याच्या बातमीत ‘अचानक’ हा शब्द ठरलेला असतो. पण धड स्थितीतलं आजच्या बनावटीचं पिस्तूल सहसा आपण होऊन उडत नाही. ट्रिगरवर काहीतरी दाबलेलं असतं. बोट नसेल तर शर्टाचं टोक, नाहीतर जॅकेटच्या नाडीचा मणी. आणि कधी कधी ज्याच्यावर कुणी संशयच घेत नाही ते, म्हणजे खुद्द होल्स्टर, पिस्तूल कमरेला लावायचं म्यान.

पिस्तुलाला नेमाने तेलपाणी करणारी माणसं होल्स्टर मात्र वर्षानुवर्षं उजेडात धरून पाहत नाहीत. त्याला कुठे बिघडायला काही आहे, असं वाटतं. पण होल्स्टर झिजतं, बुटाच्या तळव्यासारखंच. झिजण्याची सुरुवात सुखाची असते. नवं असताना टोचणारं, पिस्तूल सोडता न सोडणारं चामडं वर्ष-दोन वर्षांत कमरेला छान बसतं आणि आपण म्हणतो, आता कुठे मुरलं. माझ्या मते होल्स्टर असं लाडकं वाटायला लागलं की त्याची पहिली कसून तपासणी करावी.

धोका परत घालताना

पिस्तूल काढताना सगळे सावध असतात. परत घालताना हात सैल पडतो, नजर दुसरीकडे जाते आणि घात होतो तो इथेच. त्यामागचं यंत्र समजून घेतलं तर बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

चामड्याच्या होल्स्टरचं तोंड ताठ असलं की पिस्तूल बाहेर काढल्यावरही उघडं राहतं. घाम, बसण्या-उठण्याचा दाब आणि रोजची काढ-घाल यांनी ते नरम पडतं. मग रिकामं होल्स्टर पोटाच्या आणि पट्ट्याच्या मध्ये चेपतं आणि कडेची एक घडी आत वळते. पिस्तूल नळीच्या बाजूने खाली सरकताना ही घडी ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीत, शिरते आणि ट्रिगरच्या पुढ्यात येऊन बसते. घडी जागची हलत नाही, पिस्तूल मात्र खाली जात राहतं. म्हणजे ट्रिगर जितका मागे जायला हवा तितका आपसूक मागे जातो. ट्रिगर दाबायचं काम तुमचा तळहातच करत असतो, पिस्तुलाच्या मुठीवरून.

ग्लॉकसारख्या स्ट्रायकर पद्धतीच्या (बाहेर घोडा नसलेल्या, आतल्या स्प्रिंगच्या पिनेने गोळी उडवणाऱ्या) पिस्तुलाचा ट्रिगर साधारण अडीच किलोच्या ओढीने सुटतो आणि त्याला प्रवास असतो जेमतेम सव्वा सेंटीमीटरचा. पिस्तूल जोर देऊन आत ढकलणाऱ्या हाताला अडीच किलो जाणवतही नाहीत. ट्रिगरच्या पात्यावरची छोटी सेफ्टी इथे कामाची नाही, कारण पात्यावर दाब आला की ती सुटावी अशीच तिची रचना आहे. दाब बोटाचा की चामड्याचा, हे तिला कळत नाही. पिस्तूल खाली पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून आत जे अडथळे असतात, तेही ट्रिगर मागे गेला की बाजूला होतात. अंगठ्याने चालवायची वेगळी सेफ्टी असेल तर ती जरूर लावूनच पिस्तूल आत घालावं, पण म्हणून फाटकं होल्स्टर चालवून घेऊ नये.

रिव्हॉल्व्हरचा किंवा डबल अ‍ॅक्शन पिस्तुलाचा (ज्यात ट्रिगर ओढूनच हॅमर, म्हणजे मागचा घोडा, उठतो आणि आदळतो) ट्रिगर बराच जड असतो, म्हणून तिथे थोडी जास्त सवड मिळते. हॅमर उघडा असेल तर आत घालताना अंगठा हॅमरवर ठेवायची सवय लावा. ट्रिगरला काही अडलं तर हॅमर अंगठ्याखाली उठायला लागतो आणि लगेच कळतं.

तपासणीआधीची चूक

पिस्तूल रिकामं करण्यात क्रम चुकतो. आधी स्लाइड (पिस्तुलाचा मागे सरकणारा वरचा भाग) ओढली आणि मग मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढलं, तर ओढलेली स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, बसवते. माणूस मात्र रिकामं आहे अशा खात्रीने पुढचं काम करतो. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड ओढून चेंबरमधली गोळी बाहेर, मग स्लाइड मागे अडकवून डोळ्यांनी पाहा आणि बोट घालूनही खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. एवढं झाल्यावरही नळी माणसाकडे वळवायची नाही.

होल्स्टर कसं पाहावं

आधी रिकामं होल्स्टर, पिस्तुलाशिवाय. ते पट्ट्यावर नेहमीच्या जागी लावा, खुर्चीत बसा, पुढे वाका, उठा. आता आरशात तोंड पाहा. उघडं आहे का? कडेवर अंगठा ठेवून आत दाबा. ताठ चामडं विरोध करतं आणि सोडल्यावर परत येतं. कड आत वळून तशीच राहत असेल, तर निर्णय झाला. पुढच्या चाचण्या कराव्यात असंही नाही.

तोंड मिटलेलं होल्स्टर आणखी एक वाईट सवय लावतं. ते उघडण्यासाठी माणूस दुसऱ्या हाताची बोटं तोंडात घालतो आणि वरून पिस्तूल आणतो. नळी थेट स्वतःच्याच बोटांवर येते. हे करताना कुणी दिसलं तर होल्स्टर न पाहताही सांगता येतं की ते बदलायला झालं आहे.

नंतर रिकामं पिस्तूल आत घाला आणि ट्रिगरची जागा बाहेरून अंगठ्याने दाबा. चामड्यातून किंवा कापडातून ट्रिगर हलवता येत असेल, तर ते होल्स्टर म्हणजे नुसती पिशवी आहे. ट्रिगर गार्ड पूर्ण झाकलेला हवा, वरून फट दिसता कामा नये. पिस्तुलाला टॉर्च लावणाऱ्यांनी इथे जास्त बारकाईने पाहावं. टॉर्च मावावा म्हणून अशा होल्स्टरचं तोंड रुंद केलेलं असतं आणि त्या रुंदीतून कधी कधी ट्रिगरपर्यंत बोट सहज पोहोचतं.

पकड तपासायची तर गादीवर. पिस्तूल आत असताना होल्स्टर उलटं करून हलकेच हलवा. पट्टी किंवा बटण न लावताही पिस्तूल जागेवर राहिलं पाहिजे. ढिल्या पकडीचा धोका फक्त पिस्तूल हरवण्याचा नाही. ते धावताना निसटतं, माणूस झडप घालून हवेतच पकडायला जातो आणि बोट नेमकं ट्रिगरवर पडतं. आजची बहुतेक पिस्तुलं पडल्यावर उडू नयेत अशी बनवलेली असतात, म्हणून निसटलेलं पिस्तूल पडू द्यावं. सांगायला सोपं आहे. हात ऐकत नाही. म्हणून पकडच पक्की हवी.

चामड्यात राहिलेल्या बाकीच्या गोष्टी म्हणजे शिलाई, पट्ट्याच्या फटी आणि बटणं. ट्रिगर गार्डजवळचा एखादा टाका सुटला तरी तिथला आकार सैल होतो. अंगठ्याने उघडायच्या पट्टीकडे दुर्लक्ष होतं. जुनी झाल्यावर ती लोंबते, आत वळते आणि पिस्तुलाबरोबर थेट ट्रिगर गार्डमध्ये जाते. घडीचं जे काम वर सांगितलं तेच ही पट्टीही करते.

कायडेक्सवाल्यांनी निश्चिंत राहू नये

कायडेक्ससारख्या टणक प्लास्टिकचं तोंड मिटत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण ते न सांगता तडकतं. बारीक तडे पाहायचे ते वळणांवर आणि स्क्रूच्या भोकांभोवती. होल्स्टर हातात हलकेच पिळून दिव्यासमोर धरलं की रेघ दिसते. तडा चिकटवायच्या फंदात पडू नका, त्या जागी ताण रोजच येणार आहे.

दुसरा शत्रू उष्णता. हे प्लास्टिक ७५ ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास आकार सोडायला लागतं आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या जवळपास जाऊ शकतो. अशा उन्हात राहिलेलं होल्स्टर पुन्हा पिस्तूल घालून, उलटं करून तपासल्याशिवाय कमरेला लावू नये. घरी हीट गनने परत आकार देण्याचा उद्योग ज्याला जमतो त्याने करावा. बहुतेकांना जमत नाही.

तिसरं म्हणजे स्क्रू. पकड कमी-जास्त करणारा स्क्रू चालण्याच्या हादऱ्याने उलट फिरतो. तो गळून आत पडला किंवा त्याखालचा रबरी वॉशर सरकला, तर ट्रिगरच्या वाटेत कठीण वस्तू आली. स्क्रूच्या आट्यांना निळ्या रंगाचं लॉकिंग लिक्विड लावा (लाल नको, मग तो स्क्रू सहज निघत नाही) आणि डोक्यावरून होल्स्टरपर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. महिनाभराने एकदा पाहायला दोन सेकंद पुरतात.

नायलॉनची ‘सगळ्या पिस्तुलांना बसणारी’ होल्स्टर्स तपासत बसू नका. ती नवी असतानाच मऊ असतात.

दुरुस्तीच्या नावाखाली होणाऱ्या चुका

चामडं कोरडं दिसलं की लोक तेलात न्हाऊ घालतात. तेलाने ते आणखी नरम पडतं, म्हणजे रोगाला खतपाणी. कंडिशनर लावायचाच तर बोटाच्या टोकावर मावेल इतका, आणि तोही तोंडाच्या कडेला नाही. भिजलं तर सावलीत वाळवा, हेअर ड्रायर आणि ऊन दोन्ही नको. पिस्तूल महिनोन् महिने चामड्यात ठेवून कपाटात टाकणंही वाईट. चामडं ओल धरतं आणि ते कमावताना वापरलेले क्षार धातूला गंज आणतात.

मिटलेलं तोंड पाण्यात भिजवून पुन्हा ताठ करायचा उपाय कुणीतरी सांगतंच. चार दिवस टिकतो आणि त्या चार दिवसांत आपली खात्री उगाच वाढते.

घेताना तोंडाशी चामड्याची दुसरी पट्टी किंवा आत पत्रा घालून शिवलेलं होल्स्टर पाहा. पिस्तुलाचं मॉडेल नेमकं तेच हवं. ‘जवळपास सारखंच आहे’ असं दुकानदार म्हणाला तर हसून निघावं. पट्टाही सोबत तपासा. लेचापेचा पट्टा होल्स्टरला तिरकं पाडतो आणि उत्तमातलं होल्स्टरही वेडंवाकडं वागतं.

नवं आणल्यावर रिकाम्या पिस्तुलाने काढ-घाल करा, हळू. शर्ट दुसऱ्या हाताने वर धरायचा, बोट ट्रिगरपासून दूर फ्रेमवर सरळ, नजर होल्स्टरच्या तोंडात. अडल्यासारखं वाटलं की थांबायचं, पिस्तूल बाहेर काढायचं आणि कारण शोधायचं. जोर लावायचा नाही, कितीही घाई असली तरी. खरं तर परत घालायची घाई कुणालाच नसते, ती आपण स्वतःला लावून घेतो. पोटापाशी पुढे लावणाऱ्यांची नळी मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीकडे असते. त्यांनी शक्य तिथे क्लिपचं होल्स्टर कमरेवरून काढावं, नळी सुरक्षित दिशेला धरून पिस्तूल त्यात बसवावं आणि मग दोन्ही एकत्र कमरेला लावावं.

जुनं होल्स्टर मित्राला देऊ नका, ‘सरावापुरतं’ म्हणून खणातही ठेवू नका. स्क्रू आणि क्लिप काढून घ्या, कात्रीने तोंडापासून ट्रिगर गार्डपर्यंत उभं चिरा आणि कचऱ्यात टाका.