पहिल्याच महोत्सवात मी चुकीच्या सिनेमाबद्दल प्रश्न विचारला

दिग्दर्शिका पडद्यासमोर माईक धरून उभी होती. हॉलमध्ये साठेक माणसं. सूत्रसंचालकानं "कुणाला काही विचारायचंय?" म्हणायचा अवकाश, पहिला हात माझा वर. "शेवटी ती आजी दाराला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकते. तो शॉट इतका लांब धरायचा हे शूटिंगच्या वेळी ठरलं होतं, की संकलनात?" प्रश्न मी मनात दोनदा घोळवून ठेवला होता. 'संकलनात' हा शब्द तर मुद्दाम घातला होता.

ती जरा थांबली. सूत्रसंचालकाकडे बघितलं. मग म्हणाली, "माझ्या सिनेमात विहीर नाहीये. आजी किल्ली शेजारणीच्या हातात देते."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. विहीर होती साडेबाराच्या सिनेमात. दुसराच दिग्दर्शक, दुसरीच भाषा. बाई सज्जन होत्या, "पण कल्पना वाईट नाही," म्हणून त्यांनी मला सोडवलं. आजही ते आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

पास कसा काढायचा, नोंदणी कधी सुरू होते, गळ्यातलं कार्ड हरवलं तर काय, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार किंवा दोन मिनिटांत कळेल. त्यावर मी शब्द खर्च करत नाही. मला सांगायचंय ते त्या विहिरीबद्दल. ती माझ्या डोक्यात आली कुठून, आणि तुमच्या डोक्यात येऊ नये म्हणून काय करता येईल.

त्या दिवशीचा तो माझा पाचवा सिनेमा होता. आदल्या दिवशी चार झाले होते, वर लघुपटांचा एक ब्लॉक, म्हणजे पाठोपाठ दाखवलेले सहा-सात लघुपट. महोत्सवाच्या आठवडाभर आधी मी एक्सेलमध्ये तक्ता केला होता, प्रत्येक हॉलला वेगळा रंग, कुठे मोकळा चौकोन म्हणून दिसायला नको. आमच्या ओळखीतले एक ज्येष्ठ सिनेवेडे तेव्हा म्हणाले होते, "दिवसाला पाच बघितल्याशिवाय डोळा तयार होत नाही." मी ते वेदवाक्य मानलं. हे गृहस्थ किती सिनेमे पाहिले ते धावसंख्येसारखं सांगतात. त्यातल्या एखाद्याबद्दल विचारलं तर "मस्त होता, स्लो आहे पण," एवढंच हाती लागतं. अशा आकडेबहाद्दरांपासून चार हात लांब राहा. माणसं वाईट नसतात, सल्ला वाईट असतो.

आता नेमकं काय झालं ते. सिनेमाचा अभ्यास सुरू केला की पहिल्या आठवड्यातच कुलेशॉव्हचा प्रयोग वाचायला मिळतो. १९२० च्या आसपास लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकानं मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला एकदा सूपाची वाटी जोडली, एकदा शवपेटी, एकदा एक तरुणी. चेहरा तोच, पण प्रेक्षकांना त्यात भूक, शोक, वासना असं वेगवेगळं दिसलं. हे वाचून आपण मान डोलावतो आणि पुढचं पान उलटतो. अख्ख्या सिनेमांचंही हेच होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका सिनेमाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात यांच्यात पंधरा मिनिटं असतील, आणि तीही तुम्ही जिना चढण्यात घालवली असतील, तर डोकं ते दोन्ही तुकडे बिनदिक्कत जोडून टाकतं. माझ्या डोक्यानं एका सिनेमातली आजी घेतली, दुसऱ्यातली विहीर घेतली आणि एक तिसराच शेवट तयार केला. संकलनावर प्रश्न विचारायला निघालेल्या माझं संकलन आधीच उरकलं होतं.

गर्दीच्या सिनेमात असं सहसा होत नाही. तिथे ओळखीचा नट असतो, गाणं असतं, आठवण टांगायला खुंटी असते. स्वतंत्र सिनेमात, म्हणजे मोठ्या स्टुडिओच्या पाठबळाशिवाय काढलेल्या सिनेमात, खुंट्याच नसतात. चेहरे अनोळखी, बरेचदा पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आलेले. संवाद कमी, पार्श्वसंगीत त्याहून कमी. आणि एकाच वर्षी आलेले सिनेमे एकमेकांची भावंडं वाटावीत इतके सारखे विषय घेऊन येतात: म्हातारं माणूस, रिकामं घर, परत आलेला मुलगा. वर तुमचे अर्धे डोळे सबटायटल्सवर. म्युलर आणि पिल्झेकर या दोन जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९०० मध्येच दाखवून दिलं होतं की, नुकतंच शिकलेलं डोक्यात बसायला थोडी उसंत लागते, आणि लगेच दुसरं काही शिकायला घेतलं की आधीचं विस्कटतं. त्यांचा प्रयोग निरर्थक अक्षरांवर होता. मी तोच सिनेमांवर करून बघितला, माईक हातात घेऊन.

म्हणून वेळापत्रकाचं गणित जरा नीट करा. इथे मी ताणणार आहे, कारण इथेच मी आपटले. कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असतं ९२ मिनिटं. तुम्ही तक्त्यात दीड तास भरता. पण जागा आधी येईल त्याला, म्हणजे रांगेत अर्धा तास. सिनेमाआधी आयोजकांचे चार शब्द, दिग्दर्शकाचे चार शब्द, प्रायोजकांची चित्रफीत, दहा मिनिटं. मग सिनेमा. मग प्रश्नोत्तरं, वीस मिनिटं, रंगली तर तीस. मग बाहेर पडायला गर्दी. ९२ मिनिटांचा सिनेमा म्हणजे अडीच तास. पुन्हा सांगते, अडीच तास. असे पाच लावलेत तर साडेबारा तास झाले, आणि त्यात तुम्ही बसून विचार केलाय असं एकही मिनिट नाही. पाच बसवायचे तर काहीतरी कापावं लागतं, आणि आपण प्रत्येक वेळी प्रश्नोत्तरंच कापतो.

शिवाय वेळापत्रक पाळलं जाईल हे गृहीत धरू नका. हल्ली सिनेमा डीसीपी म्हणून, म्हणजे थिएटरसाठी बनवलेल्या डिजिटल फाइल्सचा संच म्हणून येतो, आणि तो कुलूपबंद असेल तर त्याची डिजिटल किल्ली, म्हणजे केडीएम, ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरतीच दिलेली असते. आयोजकांनी ऐनवेळी हॉल बदलला की नव्या हॉलच्या सर्व्हरवर ती किल्ली चालत नाही. एकदा आम्ही चाळीस मिनिटं पांढऱ्या पडद्याकडे बघत बसलो होतो, कारण नवी किल्ली ईमेलनं यायची होती. (किल्लीशी माझं काय वैर आहे कोण जाणे.) एक सिनेमा असा सरकला की मागचे सगळे सरकतात, आणि तुमच्या रंगीत तक्त्याची गाळण उडते.

आता मी दिवसाला तीन बघते. कधी दोन. सिनेमा संपला की दिवे लागेपर्यंत उठत नाही, आणि बाहेर आल्यावर फोन काढण्याआधी वहीत तीन ओळी लिहिते: शेवटचा शॉट, लक्षात राहिलेला एखादा आवाज, आणि न कळलेली एक गोष्ट. सगळ्यात वर सिनेमाचं नाव. हसू नका, मी पहिल्या वर्षी नावंच लिहिली नव्हती. वहीत 'लाल स्वेटर, सुंदर!!' असं लिहिलंय, ते कुणाचं स्वेटर ते आजतागायत कळलेलं नाही. आणि बाहेर पडल्या पडल्या अ‍ॅपवर तारे देत बसू नका. साडेतीन तारे दिले की डोक्याला वाटतं, काम झालं, फाइल बंद. ते तारे हा या छंदातला सगळ्यात आळशी शॉर्टकट आहे, असं माझं ठाम मत आहे. यावरून माझी दोन मैत्रिणींशी भांडणं झालेली आहेत.

निवड कशी करायची? ज्या सिनेमाची सगळीकडे चर्चा आहे तो वगळा. मोठ्या महोत्सवातून बक्षीस घेऊन आलेला सिनेमा आज ना उद्या कुठेतरी दिसतोच. एकदा मी एका नवख्या दिग्दर्शकाची प्रश्नोत्तरं अर्ध्यात टाकून, खांदे झुकवून, त्याच्या समोरून पळाले होते. अशाच एका गाजलेल्या सिनेमासाठी. दोन महिन्यांनी तो गाजलेला घरबसल्या स्ट्रीमिंगवर उपलब्ध झाला. ज्याच्या समोरून पळाले त्याचा सिनेमा पुन्हा कुठेही लागलेला मी पाहिला नाही. वितरक न मिळालेल्या कितीतरी सिनेमांचं प्रदर्शन म्हणजे हे दोन-चार खेळच असतात. साठ माणसांचा हॉल हाच त्यांचा शुक्रवार.

त्यामुळे लघुपटांचे ब्लॉक चुकवू नका. ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा सिनेमा लघुपट धरला जातो, पण महोत्सवांत त्याहून बरेच छोटे असतात, कारण दीड तासात सहा-सात बसवायचे असतात. एखादा नाही आवडला तर दहा मिनिटांत दुसरा सुरू. आणि कोणत्यामागे कोणता लावलाय ते बघा. तो क्रम कुणीतरी डोकं लढवून लावलेला असतो. मला ज्या अपघातानं तोंडावर पाडलं, तेच प्रोग्रामर, म्हणजे महोत्सवातले सिनेमे निवडून त्यांचा क्रम लावणारा माणूस, मुद्दाम आणि शहाणपणानं करतो. हे कळलं तेव्हा माझा अर्धा राग गेला.

या क्षेत्रात काही करायचंय म्हणून येत असाल, तर दुसऱ्या वर्षी स्वयंसेवक व्हा. पहिल्या वर्षी नको. पहिल्या वर्षी नुसतं बघा. स्वयंसेवक झालात की सिनेमे बघायला मिळतील या भ्रमात राहू नका, पास तपासायचा, उशिरा येणाऱ्यांना अंधारात टॉर्चनं जागा दाखवायची, आणि "अजून कितीवेळ आहे?" याचं उत्तर द्यायचं. पाय बोलायला लागतात. पण मला दाराशी उभं केलं होतं, आणि दाराशी जे शिकायला मिळतं ते आत बसून मिळत नाही. एका सिनेमाचे तीन खेळ झाले आणि तिन्ही वेळा लोक साधारण विसाव्या मिनिटाला उठायला लागले. दिग्दर्शक जिथे वेळ घेत होता नेमके तिथेच. पस्तिसाव्या मिनिटानंतर कुणीही उठलं नाही. हे मी घड्याळ बघून वहीत टिपलं होतं, आणि पुढे एका निवड समितीसाठी प्राथमिक चाळणीचं काम मिळालं तेव्हा मी त्यांना ते पान दाखवलं. प्रमाणपत्रं दाखवली असती तर त्यांनी बहुधा बघितलीही नसती.

गुरू शोधत मात्र फिरू नका. कॉफीच्या रांगेत भेटून "तुम्ही आधी अभिजात सिनेमा संपवा, मग इकडे या," असं सांगणारे भेटतील. अभिजात सिनेमा संपत नसतो. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एका ध्वनिमुद्रकानं, आणि तेही एका वाक्यात: "पंख्याचा आवाज ऐकलास का? खोलीत पंखा नाहीये." त्यांचं नावही विचारायचं राहिलं.

छोट्या महोत्सवात येतोय म्हणून कमीपणा वाटत असेल तर तोही सोडा. स्वतंत्र सिनेमासाठी जगभर नावाजलेला अमेरिकेतला संडान्स महोत्सवदेखील १९७८ मध्ये सॉल्ट लेक सिटीत वेगळ्याच नावानं सुरू झाला. आजचं नाव मिळालं १९९१ मध्ये. छोट्या ठिकाणी फायदा असा की, दिग्दर्शक तुमच्याच मागे रांगेत उभा असतो. फक्त त्याच्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं मत देऊ नका.

आणि हो, झोप लागली तर लागू द्या. सगळ्यांना लागते, मान्य कुणी करत नाही. सिनेमा कळला नाही तरी चालतं. वहीतली तिसरी ओळ त्यासाठीच आहे. सगळे एकमेकांना ओळखतात आणि आपणच एकटे, असं पहिल्या दिवशी वाटतंच. ते एकमेकांना गेल्या वर्षीच्या रांगेतून ओळखतात, एवढंच. तिसऱ्या दिवशी तुम्हालाही कुणीतरी जागा धरून ठेवेल.

प्रश्न विचारायला घाबरू नका, हे मी कुठल्या तोंडानं सांगतेय ते कळतंय मला. पण विचारा. लांबण लावू नका, आधी वहीत बघा, मगच हात वर करा. 'संकलनात' म्हणायची गरज नसते.

त्या दिग्दर्शिकेचा सिनेमा मी पुन्हा बघायचा म्हणून बराच शोधला. कुठे लागला नाही, कुठे आला नाही. आजी किल्ली शेजारणीच्या हातात देते, हे मला तोंडपाठ आहे. त्यांनीच सांगितलं होतं, साठ माणसांसमोर. पण डोळे मिटून शेवट आठवायला गेले की अजूनही विहीरच दिसते.