फाइल उतरता उतरता वाजवायची आहे? प्लेअर लिहिताना या चुका टाळा

लांब ध्वनिमुद्रणं वाजवणारे प्लेअर लिहिणं आणि इतरांनी लिहिलेले दुरुस्त करणं, हे माझं बरीच वर्षं चाललेलं काम आहे. कीर्तनं, व्याख्यानं, मैफली. एकेक फाइल दीड-दोन तासांची. पूर्ण डाउनलोड होईपर्यंत ऐकणारा थांबत नाही आणि त्याने थांबूही नये. फाइल येत असतानाच ती डीकोड करायची (म्हणजे दाबून साठवलेल्या बाइटांतून आवाज काढायचा), आणि त्याने बोटाने पट्टी सरकवली की तिथून वाजवायची, एवढंच काम. त्यात होणाऱ्या चुका मात्र इतक्या ठरावीक आहेत, की कोड उघडण्याआधी तक्रार ऐकूनच मला जागा कळते.

बाइट आले नाहीत म्हणून फाइल संपली असं धरणं

सगळ्यात जास्त वेळ मी या एका चुकीवर घालवला आहे. एका संस्थेसाठी कीर्तनांचं अ‍ॅप केलं होतं. ऑफिसात सगळं सुरळीत. अ‍ॅप लोकांच्या हाती गेल्यावर महिन्याभरात दादरहून पुण्याला लेकीकडे जाणाऱ्या एका आजींचा फोन आला. "अहो दादा, बुवा आख्यानाला सुरुवात करतात आणि मधेच दुसरंच कीर्तन लागतं. पहिलं शोधायला गेले, तर ते ऐकून झालेल्यांत जाऊन बसलंय."

आम्ही चार दिवस फाइली तपासल्या. फाइली धडधाकट होत्या. मग त्यांना विचारलं, हे घडतं तेव्हा तुम्ही असता कुठे? त्या म्हणाल्या, "कर्जत सोडलं की." बोरघाटातले बोगदे! गाडी बोगद्यात शिरली की नेटवर्क जायचं, बफर (आधीच उतरवून ठेवलेला साठा) रिकामा व्हायचा, डीकोडर पुढचे बाइट मागायचा आणि आमचं वाचणारं फंक्शन त्याला शून्य बाइट परत करायचं. डीकोडरच्या भाषेत शून्य म्हणजे फाइलचा शेवट. त्याने इमानदारीत 'संपलं' असा निरोप दिला, अ‍ॅपने कीर्तन ऐकून झाल्याची खूण केली, थांबलेली जागा पुसली आणि पुढचं लावलं. तो कोड मीच तपासून पास केला होता.

डिस्कवरच्या फाइलला दोनच उत्तरं असतात: हे घे, किंवा संपलं. येत असलेल्या फाइलला तिसरं उत्तर असतं: थांब, अजून आलेलं नाही. बहुतेक डीकोडर लायब्रऱ्या पहिल्या जगासाठी लिहिलेल्या आहेत, म्हणून ते तिसरं उत्तर आपणच सांभाळायचं असतं. माझ्या कोडमध्ये वाचणारं फंक्शन कायम तीन वेगवेगळ्या खुणा देतं, आणि 'संपलं' ही खूण फक्त डाउनलोड करणारा भागच देऊ शकतो. सर्व्हरने सांगितलेली एकूण लांबी आणि हातात आलेले बाइट जुळले, तरच. लांबी न सांगता तुकड्या-तुकड्यांनी पाठवणारा सर्व्हर असेल, तर शेवटचा शून्य लांबीचा तुकडा आला असला पाहिजे. कनेक्शन नुसतं तुटलं, तर तो शेवट धरायचा नाही.

यावर नवी मुलं हमखास एक तोडगा आणतात: शून्य आलं की पाच सेकंद थांबू, तरीही काही आलं नाही तर संपलं समजू. हा तोडगा मी आता पाहताक्षणी परत पाठवतो. बोगदा पाच सेकंदांत संपत नाही, आणि फाइल खरोखर संपते तेव्हा पाच सेकंदांची मुकी शांतता मिळते. आकडा वाढवत नेला की पहिला त्रास थोडा कमी होतो, पण दुसरा वाढतो. ज्या प्रश्नाचं नेमकं उत्तर डाउनलोडरकडे आहे, तो घड्याळाला विचारायची गरजच नाही.

आणखी एक बारकावा. कित्येक डीकोडर एकदा शेवट पाहिला की तो लक्षात ठेवतात. नंतर बाइट आले तरी पुन्हा उठत नाहीत. म्हणून मी डीकोडरला कधीही अर्धी फ्रेम (आवाजाचा एक छोटा तुकडा) देत नाही. पूर्ण फ्रेम हातात आली की देतो, नाहीतर त्याला हाकच मारत नाही. लायब्ररी स्वतःच बाइट मागणारी असेल, तर तिला वेगळ्या थ्रेडवर (बाकीचं काम न अडवता स्वतंत्र चालणाऱ्या धाग्यावर) बसवून वाट पाहायला लावतो. पण विराम, सीक (पट्टी सरकवून उडी मारणं) आणि बंद या तिन्ही बटणांनी ती वाट मोडता आली पाहिजे. ते विसरलात तर बोगद्यात बंद करायचं बटण दाबूनही अ‍ॅप बंद होत नाही, आणि लोक फोनच बंद करतात.

वेळ गुणिले बिटरेट

दुसरी माझी ठसठसणारी जागा. दहाव्या मिनिटाला जायचंय? सहाशे सेकंद गुणिले बिटरेट (सेकंदाला किती बिट) भागिले आठ, झाला बाइट. स्थिर बिटरेटच्या एमपी३ला हे जवळपास लागू पडतं, म्हणून ते शिकवण्यांमध्ये लिहिलं जातं आणि तिथून सगळीकडे पसरतं.

आता बदलत्या बिटरेटची फाइल घ्या. नारदीय कीर्तनात पूर्वरंगातलं निरूपण म्हणजे बराच वेळ एकटा बोलणारा आवाज. त्याला थोडे बिट पुरतात. गजर सुरू झाला, झांजा आणि तबला-पेटी आली, की एनकोडर भराभर बिट खर्च करतो. म्हणजे फाइलच्या पोटात वेळ सारखा पसरलेलाच नसतो.

आमच्याकडे एक दोन तासांचं कीर्तन आलं. सरासरी ६४ किलोबिट, आकार सुमारे ५७.६ एमबी. प्लेअर म्हणाला, चार तास! उत्तररंग सुरू होतो त्या १ तास १० मिनिटांच्या खुणेवर दाबलं, की सुमारे पस्तिसाव्या मिनिटाचं निरूपण लागायचं. कारण शोधत गेलो तेव्हा कळलं, की एका स्वयंसेवकाने सुरुवातीचं "हॅलो, माइक टेस्टिंग" कापून टाकलं होतं, पुन्हा एनकोड न करता थेट फाइल कापणाऱ्या साधनाने. त्या कापण्यात पहिली फ्रेमही गेली. बदलत्या बिटरेटच्या एमपी३मध्ये त्या पहिल्या फ्रेममध्ये झिंग नावाचं हेडर असतं: एकूण फ्रेम किती, बाइट किती आणि सीकसाठी १०० नोंदींचा तक्ता. ते गेल्यावर आमच्या प्लेअरने पुढच्याच फ्रेमचा बिटरेट सबंध फाइलचा समजला. ती फ्रेम बुवा नमनाआधी स्तब्ध उभे असतानाची, ३२ किलोबिटची. खऱ्या सरासरीच्या निम्मी, म्हणून वेळ दुप्पट आणि उडी निम्मी.

हेडर शाबूत असलं तरी फार विसंबू नका. दोन तासांच्या फाइलला १०० नोंदी, म्हणजे दर ७२ सेकंदांना एक. आणि प्रत्येक नोंद एकाच बाइटची, म्हणजे फाइलच्या आकाराचा २५६वा भाग ही तिची बारकाई. या फाइलमध्ये तो भाग सरासरीने २८ सेकंदांचा होतो. तीन मिनिटांच्या गाण्याला तक्ता छान आहे, कीर्तनाला नाही.

माझी सवय अशी: बाइट येत असतानाच प्रत्येक फ्रेमचं चार बाइटचं हेडर वाचायचं, त्यावरून फ्रेमची लांबी काढायची आणि पुढच्या हेडरवर जायचं. डीकोड करायची गरज नाही. ४४.१ किलोहर्ट्झच्या एमपी३मध्ये एक फ्रेम ११५२ नमुन्यांची (नमुना म्हणजे एका क्षणाच्या आवाजाचं मोजमाप), म्हणजे साधारण २६ मिलिसेकंदांची. दर पन्नास फ्रेमना एक नोंद ठेवली, तर दोन तासांना साडेपाच हजार नोंदी होतात, ४४ केबीत मावतात. आलेल्या भागात यामुळे सीक नेमका होतो. न आलेल्या भागात उडी मारायची झाली तर अंदाजच लावावा लागतो. तेव्हा पडद्यावरच्या वेळेला 'अंदाजे' अशी खूण करा आणि मधला भाग भरला की वेळ दुरुस्त करा. खोटा नेमकेपणा दाखवू नका. सर्व्हर आपल्या हातात असेल तर मी हा तक्ता तिथेच एकदा करून ठेवतो आणि फाइलच्या आधी फोनला पाठवतो. यावर "एवढं कशाला" असं विचारणाऱ्यांना मी आजींची गोष्ट सांगतो.

उडी मारल्यावर लगेच आवाज सोडणं

एमपी३ची फ्रेम स्वयंपूर्ण नसते. तिचा काही डेटा आधीच्या फ्रेममधल्या उरलेल्या जागेत ठेवलेला असतो, जास्तीत जास्त ५११ बाइट मागे. १२८ किलोबिटला फ्रेम ४१७-४१८ बाइटची, म्हणजे एक-दोन फ्रेम मागे पुरतं. ३२ किलोबिटला फ्रेम जेमतेम १०४ बाइटची, तिथे हेडर वगैरे वजा जाता सात-आठ फ्रेमपर्यंत मागे जावं लागतं. मी सरसकट दहा फ्रेम मागून सुरू करतो आणि त्यांचा आवाज टाकून देतो. तसं न करणाऱ्यांच्या प्लेअरमध्ये प्रत्येक सीकला 'चर्र' असा आवाज येतो, आणि मग ते तो झाकायला आवाज हळूहळू वर आणतात. चूक तशीच राहते. ओपस या दुसऱ्या ध्वनिप्रकारातही ८० मिलिसेकंद आधीपासून डीकोड करायची शिफारस आहे, तीही पाळा.

फ्रेमची सुरुवात शोधताना सलग ११ बिट 'एक' दिसले की फ्रेम सापडली, असं मानू नका. जेपीईजी चित्राच्या अगदी सुरुवातीला नेमके असेच बिट असतात, आणि फाइलच्या आरंभीच्या आयडी३ टॅगमध्ये (नाव-चित्र ठेवायच्या जागेत) उत्सवाचं पोस्टर चिकटवलेलं असतं. हेडरमधले बाकीचे रकाने वैध आहेत का ते पाहा, मग त्या लांबीवर पुढचं हेडर आणि त्यापुढचंही जुळतंय का ते पाहा. मी तीन जुळल्याशिवाय पुढे जात नाही.

त्याच पोस्टरचा दुसरा त्रास. ते २ एमबीचं असलं आणि नेट सेकंदाला ३० केबी देत असलं, तर पहिला सूर कानावर पडायला मिनिटाहून जास्त लागतं. टॅगचा आकार पहिल्या दहा बाइटांतच लिहिलेला असतो. तो वाचा आणि रेंज (फाइलचा अमुक बाइटपासूनचा भाग) मागून थेट पलीकडून सुरू करा. आकाराच्या चार बाइटांत प्रत्येकी सातच बिट मोजायचे असतात, आठ नव्हे.

मागितली रेंज, आली अख्खी फाइल

रेंज मागितली की सर्व्हरने उत्तराला २०६ ('हा घे भाग') हा क्रमांक द्यायला हवा. काही सर्व्हर रेंजकडे दुर्लक्ष करून २०० ('ही घे अख्खी') देतात आणि फाइल पहिल्या बाइटपासून पाठवू लागतात. तो उत्तराचा क्रमांक न पाहता आलेले बाइट मधल्या जागी लिहिले, की उत्तररंगाच्या जागी पुन्हा नमन ऐकू येतं. साध्या एचटीटीपीवर स्टेशनच्या मोफत वायफायचं लॉगिनचं पानही २०० घेऊनच येतं, आणि मी ते आवाज म्हणून डीकोडरकडे गेलेलं पाहिलं आहे. क्रमांक पाहा, आलेली रेंज मागितलेलीच आहे का ते पाहा. डाउनलोड चालू असताना सर्व्हरवरची फाइल बदलली गेली तर दोन वेगळ्या फाइलींचे तुकडे शिवले जातात. त्यासाठी ईटॅग (सर्व्हरने दिलेली फाइलच्या आवृत्तीची खूण) जपून ठेवा आणि इफ-रेंज (आवृत्ती तीच असेल तरच तुकडा दे, अशी विनंती) वापरा.

एम४ए सुरूच होत नाही

फोनवर मुद्रित केलेल्या एम४ए फाइलीत मूव्ह नावाची अनुक्रमणिका बहुधा शेवटी असते, कारण मुद्रण थांबेपर्यंत ती लिहिताच येत नाही. ती हाती येईपर्यंत एकही नमुना कुठे आहे ते कळत नाही. फाइल चढवतानाच एफएफएमपेगचा फास्टस्टार्ट पर्याय वापरून ती पुढे आणा. सर्व्हर परका असेल तर पहिल्या पेट्यांचे (फाइल ज्या भागांची बनलेली असते त्यांचे) आकार वाचून शेपटाची रेंज आधी मागा.

ब्राउझरवाल्यांसाठी एकच: डीकोडऑडिओडेटा हे फंक्शन पूर्ण फाइल मागतं आणि सगळी एकदम उलगडतं. दोन तासांचं स्टीरिओ कीर्तन ४४.१ किलोहर्ट्झला मेमरीत अडीच जीबी होतं. एचटीएमएलचा साधा ऑडिओ टॅग वापरा.

पट्टी सरकवताना प्रत्येक पिक्सेलला नवी रेंज मागू नका. बोट उचललं की मागा. प्रत्येक सीकला अनुक्रमांक द्या, आणि जुन्या क्रमांकाचे बाइट उशिरा आले तर टाकून द्या. सीकच्या वेळी डीकोडर आणि आवाजाचा बफर दोन्ही रिकामे करा.

शेवटी तपासणी. ऑफिसच्या वायफायवर फाइल दोन सेकंदांत उतरते आणि वरच्यातल्या बऱ्याच चुका दिसतच नाहीत. घाईने अ‍ॅप बाहेर सोडणारे इथेच फसतात. मी स्वतःचा एक छोटा सर्व्हर ठेवला आहे: सेकंदाला १६ केबी देतो, सांगितल्या बाइटवर गप्प बसतो, अधूनमधून रेंज नाकारतो. त्यावर एकच फाइल मी तीनदा वाजवतो: सगळी एकदम देऊन, चार-चार केबीने आणि एकेक बाइटने. तिन्ही वेळचे डीकोड झालेले नमुने शेवटच्या नमुन्यापर्यंत तंतोतंत सारखे यावे लागतात. त्यानंतर ती बिल्ड फोनवर टाकतो आणि कर्जत-लोणावळा गाडीने एक फेरी मारतो.