सुट्टीत मांजर घरी ठेवून जाताय? या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की नागपुरातल्या कॉलन्या रिकाम्या होऊ लागतात. कोणी पचमढीला जातं, कोणी चिखलदऱ्याला, कोणी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे. घरात कुत्रा असेल तर त्याची सोय आधी लावली जाते, कारण त्याला दोनदा फिरवावं लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मांजराचा विचार मात्र बॅगा भरून झाल्यावर होतो. ते घरातच राहतं, आपलं आपण खातं, मातीत शी-शू करतं. मग त्याला कशाला कोणी लागतं?

माणूस लागतो तो मांजर आजार लपवतं म्हणून. बरं नसलं की ते ओरडत नाही, कोपऱ्यात जाऊन बसतं. सुट्टीत दगावलेलं मांजर सहसा उपाशी राहून गेलेलं नसतं. ते दोन दिवस आजारी होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, असंच बहुतेक वेळा कळतं. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका इथूनच निघतात.

आठवड्याचा खाऊ एकदम काढून ठेवणे

परातभर कोरडा खाऊ आणि बादलीभर पाणी ठेवून निघणं ही सर्वांत मोठी चूक. मांजर पहिल्या दोन दिवसांत हवं तेवढं खातं, काही वेळा खाऊन ओकतं. उघडा खाऊ मऊ पडतो आणि त्याचा वास उडतो. मांजर वासावर खातं. वास गेला की तोंड लावत नाही. मुंग्या लागल्या तर संपलंच. जून-जुलैच्या दमट हवेत दाणे दोन दिवसांत चिकट होतात.

खरा धोका वेगळा आहे. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही, तर शरीरातली चरबी यकृतात साचू लागते. लठ्ठ मांजरात हे जास्त वेगाने होतं, वेळेत उपचार न मिळाल्यास जीव जातो. एका दिवसापेक्षा जास्त काळ पूर्ण उपाशी असलेलं मांजर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. परातीतला खाऊ किती कमी झाला हे पाहणारंच कोणी नसेल, तर हे कळणार कसं?

म्हणून मोजून पुड्या करा. घरातच राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण ४५ ते ५५ ग्रॅम कोरडा खाऊ पुरतो. तुमच्या पाकिटावरचा तक्ता बघून आकडा पक्का करा. किचनच्या वजनकाट्यावर मोजा, छोट्या झिप पाऊचमध्ये भरा आणि प्रत्येकावर तारीख व ‘सकाळ’ किंवा ‘संध्याकाळ’ लिहा. ‘वाटीभर घाला’ असं सांगू नका. आमटीच्या साधारण १५० मिलीच्या वाटीत ६० ग्रॅमच्या आसपास दाणे मावतात. दोन वेळा वाटीभर घातले की दुप्पट खाणं झालं. पुडीचा दुसरा फायदा असा, की आधीच्या पुडीतलं किती उरलं हे येणाऱ्याला लगेच दिसतं.

खाण्याचा ब्रँड जाण्याच्या आठवड्यात बदलू नका. बदलायचाच असेल तर सात-आठ दिवसांत थोडा थोडा मिसळत बदला, नाहीतर तुम्ही गाडीत आणि मांजर जुलाबात. खाऊ संपेल म्हणून दोन-चार दिवसांचा जास्तीचा ठेवून जा. परतीची गाडी रखडली तर तोच कामी येतो.

पाण्याचा हिशेब वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण ५० मिली. म्हणजे ४ किलोच्या मांजराला सुमारे २०० मिली, आणि फक्त कोरडा खाऊ असेल तर जवळपास सगळंच पिण्यातून जायला हवं. एकच भांडं ठेवलं आणि ते उलटलं तर खेळ खल्लास. वेगवेगळ्या खोल्यांत तीन भांडी ठेवा, शक्यतो जड. कुंभाराकडचे मातीचे पसरट परळ उन्हाळ्यात उत्तम. पाणी गार राहतं आणि ते सहज उलटत नाहीत. मुंग्यांचा त्रास असेल तर खाऊची वाटी पाण्याच्या ताटलीत उभी करा. मुंग्यांची पावडर किंवा लक्ष्मणरेषा खाऊजवळ मारू नका. पायाला लागलेली पावडर मांजर चाटतंच.

फीडरवर सगळा भार टाकणे

ऑटोमॅटिक फीडर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप खाऊ टाकणारं यंत्र, चांगला मदतनीस आहे, माणसाची जागा तो घेत नाही. वीज गेली आणि बॅटरी बॅकअप नसेल तर काही यंत्रं वेळापत्रकच विसरतात. राऊटर बंद पडला की मोबाइलवरून काही दिसत नाही. मोठे किंवा ओलसर झालेले दाणे नळीत अडकतात. फीडर घ्यायचाच असेल तर बॅटरी बॅकअप असलेला घ्या, जाण्याआधी किमान आठवडाभर तुम्ही घरी असताना वापरा, आणि त्यातला एक दिवस मुद्दाम प्लग काढून ठेवा. एका वेळी नेमके किती ग्रॅम पडतात तेही तोलून बघा. फीडरचा ‘एक भाग’ आणि प्रत्यक्षातले ग्रॅम जुळतातच असं नाही. ओला खाऊ फीडरमध्ये नको. मे महिन्यात पाऊचमधला खाऊ वाटीत तासाभराहून जास्त राहिला तर तो फेकायचाच.

कूलर चालू आहे ना, मग झालं

हे नागपूरकरांनी नीट वाचावं. मेमध्ये इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि वरच्या मजल्यावरची बंद खोली रात्रीही निवत नाही, कारण दिवसभर तापलेला स्लॅब उष्णता सोडत राहतो. बरेच जण कूलर चालू ठेवून जातात. पण टाकी काही तासांत आटते, मग पंप कोरडा चालतो आणि जळतो. वाळा किंवा वुडवूल कोरडी पडली की कूलर बाहेरची लू जशीच्या तशी आत ढकलतो. टाकी आपोआप भरायचा बॉलकॉक लावला असेल तरी नळाला पाणी येण्यावर सगळं अवलंबून. शिवाय कूलरची हवा बाहेर जायला दुसरी खिडकी उघडी लागते. ती बंद असेल तर खोली दमट होते, उघडी असेल तर जाळी पक्की हवी. एसी लावून जाणाऱ्यांनी वीज जाऊन आल्यावर तो आपोआप सुरू होतो का, हे एमसीबी पाडून तपासावं. अनेक एसी होत नाहीत.

एप्रिलच्या शेवटापासून पाऊस पडेपर्यंत मांजराला बंद घरात एकटं ठेवून, दिवसातून एकदा कोणी डोकावेल अशी व्यवस्था आम्ही पुरेशी मानत नाही. या दिवसांत कोणीतरी घरात मुक्कामाला हवं, नाहीतर मांजराची रवानगी खालच्या मजल्यावरच्या नातेवाइकांकडे करावी. तेही जमत नसेल तर सहल दोन-तीन दिवसांची ठेवा, सकाळ-संध्याकाळ येणारा माणूस नेमा आणि मांजराला घरातल्या सर्वांत गार भागात मोकळीक द्या. तो बहुतेक बाथरूम किंवा उत्तरेकडची खोली असतो. बाथरूमचं दार उघडं अडकवून ठेवा, फरशी गार राहते; पण भरलेली बादली, फिनाइल आणि ॲसिडची बाटली तिथून हलवा.

मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, लडखडत असेल तर ऊन लागलंय असं समजा. अंग साध्या पाण्याने ओलं करायचं, पंख्याखाली ठेवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. बर्फ लावू नका, तोंडात पाणी ओतू नका. हे येणाऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवा, फोनवर घाईत सांगताना अर्धं राहून जातं.

‘काकू, जरा लक्ष ठेवा हं’

शेजारच्या काकू प्रेमाने लक्ष ठेवतात, यात शंका नाही. पण त्यांना नेमकं काय बघायचं हे कोणी सांगत नाही. मग दूध-पोळी दिली जाते, आणि मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. रविवारी सावजीचा रस्सा झाला तर कौतुकाने दोन तुकडे वाटीत पडतात. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शिजवल्याने, वाटल्याने त्याचं विष जात नाही. अंग गरम वाटलं म्हणून तापाची गोळी दिली, तर त्याहून भयंकर: पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. हे तीन नकार मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा.

फ्रिजवरच्या त्याच कागदावर रोजची चार कामं लिहा. पहिलं, मांजर प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसलं पाहिजे. वाटी रिकामी आहे म्हणजे मांजर ठीक आहे असं नाही. ते दिवाणाच्या खणात किंवा कपाटात अडकलेलं असू शकतं. दुसरं, उरलेला खाऊ बघून मगच नवा घालणे. तिसरं, तिन्ही भांड्यांतलं पाणी बदलणे. चौथं, लिटर ट्रे (शी-शूच्या मातीचा ट्रे) साफ करताना गोळे मोजणे आणि त्याचा फोटो पाठवणे.

या चौथ्या कामाला लोक नाक मुरडतात, पण सर्वांत जास्त माहिती तिथेच मिळते. गोळे होणाऱ्या लिटरमध्ये निरोगी मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार लघवीचे गोळे दिसतात. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, रडतोय, सारखा खालचा भाग चाटतोय आणि गोळा एकही नाही, तर लघवी तुंबली आहे. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. ‘बद्धकोष्ठ झालं असेल, उद्या बघू’ इथेच घात होतो. त्याच रात्री दवाखान्यात न्यायचं. घरातली माणसं गेल्याच्या ताणानेही लघवीचे त्रास उफाळतात, त्यामुळे सुट्टीच्या काळात याची शक्यता जास्त.

एका मांजराला दोन ट्रे ठेवा, लिटरचा थर पाच ते सात सेंटिमीटर. एक घाण झाला तरी दुसरा असतो आणि गादी वाचते. गोळे पिशवीत बांधून कचऱ्यात टाकायला सांगा. संडासात टाकले तर ते फुगून पाइप तुंबतो. येणारी बाई गरोदर असेल तर लिटरचं काम दुसऱ्या कोणाला द्या, मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा गर्भाला घातक परजीवी पसरू शकतो.

दिवसातून दोन फेऱ्या उत्तम; कडक उन्हाळा सोडून एक ही किमान मर्यादा. एक दिवसाआड नको. सहा महिन्यांखालचं पिल्लू, इन्सुलिनवर असलेलं किंवा रोज औषध लागणारं मांजर अशा फेऱ्यांवर सोडू नका. त्याला मुक्कामी माणूसच हवा, आणि त्याने तुमच्यासमोर औषध देऊन दाखवलेलं असावं.

दार, किल्ली आणि फटाके

येणारा माणूस दार उघडतो त्या दोन सेकंदांत मांजर निसटतं. पिशव्या बाहेर ठेवून, पाय आडवा लावून, आधी आत शिरायचं आणि दार लावायचं, हे तालीम करून दाखवा. माणूस तुम्ही असतानाच दोन-तीनदा घरी येऊन गेलेला असावा, तेव्हा त्याच्या हातून एकदा खायला घालून घ्या. आतल्या खोल्यांच्या दारांना स्टॉपर लावा. वारा सुटला की दार आपटतं आणि मांजर पाण्यापासून तोडलं जातं. बाहेरच्या दाराला आपोआप बंद होणारं लॅच असेल तर दुसरी किल्ली वेगळ्या घरी ठेवा. कूलर काढल्यावर खिडकीत राहिलेली फट हा तर ठरलेला पळवाटीचा रस्ता. दिवाळीत किंवा तान्ह्या पोळ्याला गावी जात असाल तर येणाऱ्याला वेळ सांगा: फटाके सुरू व्हायच्या आत, आणि महाल-इतवारीत घर असेल तर मारबतीची मिरवणूक दारात यायच्या आत.

निसटलंच, तर आधी आपलीच इमारत शोधा. घरात वाढलेलं मांजर घाबरून जवळच लपतं: जिन्याखाली, मीटरच्या कोनाड्यात, उभ्या गाड्यांखाली. रात्री वर्दळ थांबल्यावर टॉर्च घेऊन फिरा, डोळे चमकतात. जाण्याआधी दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

बोर्डिंग न बघता ठरवणे

बोर्डिंगच्या, म्हणजे पैसे घेऊन प्राणी सांभाळणाऱ्या जागेच्या, फोटोंवर जाऊ नका, स्वतः जाऊन या. मांजरांची खोली कुत्र्यांपासून वेगळी आहे का, भुंकणं तिथवर ऐकू येतं का, वीज गेल्यावर काय करतात, दोन घरची मांजरं एकत्र सोडतात का, हे विचारा. लसीचं कार्ड न मागणारं बोर्डिंग टाळा. मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया हा विषाणू जागेत महिनोन्‌महिने टिकतो आणि पिल्लांचा फडशा पाडतो. लस निघायच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. पहिल्यांदाच देत असाल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे दीड-दोन महिने आधी सुरुवात. सोबत त्याची रोजची चादर न धुता द्या, घरचा वास राहतो. नव्या जागी पहिल्या दिवशी बहुतेक मांजरं कमी खातात; दुसऱ्या दिवशीही वाटी तशीच असेल तर फोन यायला हवा, हे आधी ठरवा.

डॉक्टरांना न सांगता जाणे

नेहमीच्या डॉक्टरांना तारखा कळवा आणि येणाऱ्या माणसाचं नाव देऊन, ‘उपचाराचा निर्णय घ्यायला आणि अमुक रकमेपर्यंत खर्चाला माझी संमती आहे’ असं लिहून द्या. नाहीतर रात्री मांजर टेबलावर आणि तुम्ही रेंज नसलेल्या घाटात, अशी गत होते. ते डॉक्टरही सुट्टीवर आहेत का ते विचारा. दुसरा पर्याय म्हणून सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्याच्या सध्याच्या वेळा निघण्यापूर्वी फोनवर विचारून कागदावर लिहा. मांजराची ने-आण करायची पेटी माळ्यावर न ठेवता हॉलमध्ये उघडी ठेवा, आत चादर घालून. माळ्यावरून काढलेली पेटी पाहिली की मांजर पलंगाखाली जातं.

परत आल्यावर लगेच वजन करा: स्वतःचं, मग मांजर कडेवर घेऊन, आणि वजाबाकी. जाण्याआधीचा आकडा लिहिलेला असेल तरच याला अर्थ आहे. साधा बाथरूमचा काटा १०० ग्रॅम इकडेतिकडे करतो, म्हणून तीनदा मोजा. ४ किलोच्या मांजराचं वजन ४०० ग्रॅमनी उतरलं असेल तर खातंय-पितंय म्हणून थांबू नका, दाखवून या. दोघांपैकी एकच मांजर बोर्डिंगला गेलं होतं असं असेल, तर घरचं त्याच्यावर फिस्कारेल, कारण त्याला दवाखान्याचा, परक्या जागेचा वास येतोय. एक-दोन दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवा, चादरी अदलाबदल करा आणि मग दाराच्या दोन बाजूंना वाट्या ठेवून हळूहळू एकत्र आणा.