देवघरातल्या कवड्या: या चुका टाळा

नवरात्राच्या तोंडावर नाशिकच्या घराघरांत देव घासायला निघतात. ताम्हण, समई, घंटा यांच्याबरोबर कवड्याही चिंचेच्या कोळात पडतात, आणि तिथेच त्यांचं नुकसान होतं. पितळ आंबटाने उजळतं. कवडी कॅल्शियम कार्बोनेटची, ती आंबटात विरघळते. लिंबू, व्हिनेगर, भांड्यांची आंबट पावडर, काहीही लागलं तरी वरचा थर जातो आणि कवडी खडूसारखी पांढुरकी पडते. गेलेली चकाकी कशानेही परत येत नाही. खरी-खोटी ओळखायला व्हिनेगरचा थेंब टाकू नका, तेही याच कारणासाठी.

ही चकाकी त्या जिवाने स्वतः घडवलेली असते. कवडी म्हणजे समुद्रातली गोगलगाय. जिवंतपणी तिच्या अंगाचा मऊ पडदा दोन्ही बाजूंनी वर येऊन कवच झाकतो आणि त्यावर थर चढवत राहतो. म्हणून वॉर्निशचा हात मारायची गरजच नाही. ते कालांतराने पिवळं पडतं. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. फटीतल्या दातांत हळदकुंकू आणि पंचामृतातलं दही अडकतं, तिथे ब्रश नीट फिरवा, नाहीतर वास येतो. माळेतल्या कवड्यांची पाठ बहुधा कापलेली असते. त्या आतूनही धुवा. खोबरेल तेल चोळू नका, खवट होतं.

न धुताही कवडीवर पांढरी भुकटी आली तर आधी डबा पाहा. प्लायवूडच्या बंद खणात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात लाकडातून आम्लाची वाफ सुटते, आणि पावसाळ्याच्या दमटपणात ती कवच खाते. कवड्या साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा आणि काचेच्या बरणीत ठेवा. लक्ष्मीपूजनाच्या तांब्याच्या नाण्यांपासूनही वेगळ्या. हिरवा डाग सहज निघत नाही.

रामकुंडाच्या परिसरात पूजासाहित्यात कवड्या घेताना दोन जाती एकच समजू नका. पाठीवर सोनेरी-नारिंगी कडं असलेली वेगळी. पिवळसर, कडेला उंचवटे असलेली, साधारण दोन-तीन सेंटिमीटरची 'मोनेटारिया मोनेटा'. मुख्यतः हीच शतकानुशतकं चलन म्हणून चालली, आणि तिचा मोठा साठा मालदीवमधून बंगालात येत असे. 1758 साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने शास्त्रीय नाव देतानाही त्यात पैसा घातला: लॅटिनमध्ये 'मोनेटा' म्हणजे पैसा.

सुट्टीत कोकणातून उचललेली कवडी घरी आल्यावर कुजकी घाण सोडते, कारण आत जीव असतो. उकळली तर कवचाची झिलई जाऊ शकते. रोज पाणी बदलत साध्या पाण्यात भिजवा आणि सिरिंजने फटीत धार मारा. मुळात उचलतानाच फटीत डोकवा. आत मांसल भाग दिसला तर ती होती तिथेच ठेवा. दगड उलटला असेल तर तोही पुन्हा पालथा घाला. त्याच्या खालच्या बाजूला आणखी जीव चिकटलेले असतात.