दांडे तासायला पायाने दाबायचा घोडा

कुऱ्हाडीचा दांडा, कोयतीची मूठ, होडीचं लहान वल्हं ही कामं व्हाइसमध्ये धरून करायची म्हणजे दर दोन मिनिटांनी आवळा, सोडा, फिरवा, पुन्हा आवळा. आपल्याकडचे जुने सुतार लाकूड पायाखाली दाबून वाकसाने, म्हणजे छोट्या कुदळीसारख्या हत्याराने, तासतात. ते जमायला लहानपणापासूनची सवय लागते आणि चुकलं तर अंगठा जातो. बाकीच्यांनी घोडा बांधावा. त्यावर बसायचं, पायाने रेटलं की लाकूड पकडलं जातं, पाय सैल केला की सुटतं. दोन्ही हात हत्याराला मोकळे.

लाकूड. बसायला 5 फूट लांब, 6 इंच रुंद, 2 इंच जाड फळी. फणसाची मिळाली तर उत्तम. आंब्याची स्वस्त पडते, पण ती पावसाळ्यात भुंगा लागून पोखरली जाते आणि वर्षभरात भुसा सांडायला लागते. पायांना सुरूची काठी चालेल, फक्त नीट सुकलेली हवी. उभ्या दांड्यांना सरळ रेषांचं, बिनगाठीचं सागवान किंवा किंजळ घ्या.

पाय. तीनच. चार पायांचा घोडा जांभ्याच्या अंगणात कधीच चारही पायांवर उभा राहत नाही. दोन पाय बसायच्या बाजूला, एक पुढच्या टोकाला, तिन्ही बाहेर झुकलेले. पुढचा पाय पुढेच झुकवा, नाहीतर खालचा पायाने रेटायचा दांडका त्यावर आपटेल. वरून पाचर मारताना ती फळीच्या रेषांना आडवी मारा. रेषांच्या दिशेने मारलीत तर फळी उभी फाटेल. बसायची उंची तुमच्या गुडघ्याइतकी, साधारण 18 इंच.

उतरणीची फळी. तासायची वस्तू हिच्यावर ठेवायची. अडीच फूट लांब, 6 इंच रुंद, 2 इंच जाड. तिचं तुमच्यापासून दूरचं टोक बैठकीच्या पुढच्या टोकावर पक्कं करा आणि तुमच्याकडचं टोक ठोकळ्यावर 8 इंच उचला. चढ तुमच्याकडे हवा. उलटी लावलीत तर पकड येणार नाही.

आता उभे दांडे आणि ते जिच्यावर झुलतात ती आडवी खुंटी. इथेच घोडं पेंड खातं, म्हणून इथे घाई नको.

बऱ्याच व्हिडिओंत मधोमध लांब खाच कोरून एकच दांडा आरपार नेलेला दिसतो. नवख्याने त्या भानगडीत पडू नये. खाच कोरण्यात दोन दिवस जातात आणि फळी नेमकी जोर येतो तिथे कमजोर होते. त्यापेक्षा फळीच्या दोन बाजूंना 30 इंचांचे दोन दांडे, वर आडवा जबडा, खाली आडवा दांडका. तासायची वस्तू दोन दांड्यांमधल्या जागेइतकीच रुंद घेता येते, हे खरं. पण दांडे तासायला 6 इंच पुष्कळ झाले.

खुंटी बसायच्या फळीतून घालू नका. ती उतरणीच्या फळीतूनच जायला हवी. खुंटीपासून जबडा 6 इंच वर आणि पायाचा दांडका 18 इंच खाली असेल, तर पायाचा जोर जबड्यावर तिप्पट होऊन पोचतो. हीच खुंटी बैठकीत घातलीत की वरचं आणि खालचं अंतर जवळपास सारखं होतं, फायदा संपतो, आणि तुम्ही दिवसभर मांड्या दुखेपर्यंत रेटत बसता.

दुसरी गोष्ट, खुंटी पुढे-मागे कुठे? दीड इंच जाडीचा तुकडा पकडलेला असताना जबड्याची कड खुंटीच्या सरळ वर किंवा जराशी तुमच्याकडे यायला हवी. मग तासायचं दोन मुठींचं पातं तुमच्याकडे ओढताना वस्तूबरोबर जबडाही ओढला जातो आणि पकड आपोआप घट्ट होते. कड खुंटीच्या फार पलीकडे गेली तर जबडा दाबण्याऐवजी वर उचलला जातो. कितीही रेटा, वस्तू निसटणार.

कागदावर मापं काढून हे जमत नाही, कारण प्रत्येकाच्या पायाची लांबी वेगळी. भोक पाडण्याआधी दांडे खिळ्यांवर तात्पुरते टांगा, घोड्यावर बसा, तुकडा ठेवा आणि रेटून बघा. गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय पूर्ण ताणला जात असेल तर जागा बदला.

दोन्ही दांडे एकमेकांवर आवळून एकदमच भोकं पाडा. वेगवेगळी पाडली तर जबडा तिरका बसतो आणि एकाच बाजूला पकडतो. एका भोकावरही भागत नाही. सव्वा-सव्वा इंचावर तीन ठेवा. जाड वस्तूला खुंटी खालच्या भोकात, बारीकला वरच्या. उतरणीच्या फळीतलं भोक दोन्ही कडांकडून मध्यापर्यंत पाडत आणा, एका बाजूने 6 इंच सरळ जाणं कठीण.

खुंटी पाऊण इंचाची, खैराची किंवा बाभळीची. नट-बोल्ट सुचवणाऱ्यांनी एक पावसाळा किनाऱ्यावर काढावा. खाऱ्या हवेत बोल्ट गंजून भोकातच अडकतो. दांडे आणि फळीत मे महिन्यात दोन्हीकडे 3 मिलिमीटर फट ठेवा. श्रावणात फळी फुगते आणि तंग बसवलेला घोडा हलतच नाही. खुंटीला मेणबत्तीचं मेण चोळा. खोबरेल नको, ते सुकत नाही आणि त्यात भुसा बसून लगदा होतो.

जबडा. 2 बाय 2 इंचांचा चौकोनी तुकडा. त्याला दाते पाडू नका, पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडावर वळ उठतात. जुन्या चपलेचं चामडं चिकटवा.

पायाचा दांडका. मुद्दाम जाड आणि जड घ्या. पाय सोडला की त्याच्या वजनानेच दांडे मागे येतात आणि जबडा उघडतो. त्यासाठी सायकलची ट्यूब बांधायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांच्या घोड्याचा दांडका हलका असतो.

हत्यार म्हणून दोन मुठींचं, अंगाकडे ओढायचं पातं लागेल. गावच्या दुकानात ते सहसा मिळत नाही. लोहाराकडे ट्रकच्या पाट्याचा तुकडा द्या आणि धार एकाच बाजूने काढून घ्या. पहिलं काम ओल्या लाकडाचं घ्या, सुकलेल्या बाभळीवर हात बसत नाही.