काँग्रेस आणि स्वातंत्र्यलढा: उत्तर लिहिताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या सरावाची उत्तरं तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: 'काँग्रेसने १८८५ पासून स्वातंत्र्यासाठी लढा दिला आणि १९४७ मध्ये देश स्वतंत्र केला.' वाचायला सरळ वाटतं, पण त्याची दोन्ही टोकं ढिली आहेत.

आधी १८८५ घेऊ. २८ डिसेंबरला मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात ७२ प्रतिनिधी जमले. त्यांनी स्वातंत्र्य मागितलं नव्हतं. कायदेमंडळांचा विस्तार करा, सनदी सेवेची परीक्षा भारतातही घ्या, लष्करी खर्च आवरा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. दादाभाई नौरोजींनी अध्यक्षपदावरून 'स्वराज्य' हा शब्द उच्चारला तो १९०६ मध्ये, कलकत्त्याला. पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला १९२९ मध्ये, लाहोरला. मागणी कशी वाढत गेली ते उत्तरात दिसू द्या.

म्हणून मवाळांना, म्हणजे सनदशीर मार्गाने जाणाऱ्या सुरुवातीच्या नेत्यांना, 'अर्ज-विनंत्या करणारे' म्हणून एका ओळीत उडवू नका. इथून संपत्ती इंग्लंडला कशी वाहून जाते हे दादाभाईंनी आकडे मांडून दाखवलं आणि गोखल्यांनी अर्थसंकल्पावरच्या भाषणांत सरकारचा जमाखर्च उलगडला. 'हे राज्य तुमच्या भल्यासाठी आहे' या दाव्याचा पायाच त्यांनी पोखरला.

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे १९२० चं नागपूर अधिवेशन वगळणं. असहकार आणि चौरीचौरा सगळे लिहितात, पक्षाच्या घटनेतला बदल कुणी लिहीत नाही. खरा पालट तिथेच झाला. चार आणे वर्गणी भरून कोणालाही सभासद होता येऊ लागलं. वर्षभर कारभार पाहणारी कार्यकारिणी आली. इंग्रजांच्या प्रशासकीय सीमा बाजूला ठेवून प्रांतिक समित्या भाषेनुसार आखल्या गेल्या, त्यामुळे कारभार लोकांच्या भाषेत आला. (मराठी मुलखाला मात्र एकच समिती मिळाली नाही, महाराष्ट्र, मुंबई, वऱ्हाड, नागपूर अशा वेगवेगळ्या राहिल्या.) खाली जिल्हा, तालुका, गाव अशी उतरंड लागली. दुसऱ्याच वर्षी टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये उभे राहिले. डिसेंबरात शहरात भरून पांगणारी परिषद बारमाही पक्ष झाली. १९३६ चं अधिवेशन तर खानदेशात, फैजपूरसारख्या गावी भरलं.

हा धागा हाती नसेल तर १९४२ उलगडत नाही. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव झाला आणि ९ तारखेच्या पहाटे पुढारी तुरुंगात गेले. तरी चळवळ थांबली नाही, कारण गावोगावी कामाची सवय असलेली माणसं होती. साताऱ्याचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रज सरकारला समांतर चाललेला लोकांचा कारभार, हे चांगलं उदाहरण. पण ते देताना तिथली जमीन सत्यशोधक चळवळीनेही नांगरलेली होती, हे लिहायला विसरू नका. प्रतिसरकारचे नेते नाना पाटील त्याच संस्कारांत घडले होते.

आता १९४७. इथे दोन उलट चुका होतात. कोणी सगळं श्रेय काँग्रेसला देतं, तर कोणी 'महायुद्धाने इंग्रज खंगले म्हणून गेले' एवढ्यावर थांबतं. ब्रिटनची तिजोरी रिकामी झाली होती, आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी देश पेटला होता आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी उठाव केला होता. हा उठाव काँग्रेसच्या खात्यावर लिहू नका. सरदार पटेलांनी नौसैनिकांना शरण जाण्याचा सल्ला दिला होता. मग पक्षाचं वेगळेपण कशात? सत्ता हाती घेऊ शकेल अशी संघटना त्याच्यापाशी तयार होती. १९३७ च्या निवडणुकांनंतर पुढे आठ प्रांतांत त्याची मंत्रिमंडळं होती. ती १९३९ मध्ये, न विचारता भारताला युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ, त्याने स्वतःच सोडली.

शेवटचा परिच्छेद १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीवर संपवून मोकळे होऊ नका. मध्यवर्ती कायदेमंडळाच्या १९४५ च्या निवडणुकीत मुस्लिमांसाठी राखीव सर्व जागा मुस्लिम लीगने जिंकल्या होत्या. साऱ्या देशाच्या वतीने बोलण्याचा काँग्रेसचा दावा तिथे तोकडा पडला. ३ जून १९४७ ची फाळणीची योजना तिने स्वीकारली, हेही तिच्या भूमिकेतच मोडतं.