चाच्यांचा गुत्ता रंगवताय? या चुका टाळा

एकांकिका स्पर्धेच्या संहिता वाचायचं काम अधूनमधून माझ्याकडे येतं आणि दर दोनतीन वर्षांनी त्यातून एखादा समुद्री चाचा बाहेर पडतोच. पडदा उघडतो. अंधारी खोली, दारूची पिंपं. डोळ्यावर पट्टी बांधलेला माणूस टेबलात सुरा खुपसतो आणि ओरडतो, "रम आण!" पुढची पंधरा मिनिटं नुसता आरडाओरडा. प्रवेश उभा राहत नाहीये हे लेखकालाही कळतं, म्हणून तो आणखी एक तलवारबाजी घालतो. तरी राहत नाही. दुखणं वेगळ्याच ठिकाणी असतं.

'टॅव्हर्न' म्हणजे नुसता गुत्ता समजणं

गुत्ता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पत्र्याची शेड आणि उकडलेली अंडी येतात. शब्द वापरा, हरकत नाही, पण चित्र बदला. सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्रज वसाहतींत या जागेत जेवण मिळे, बिछाना मिळे, टपाल येई, मालाचा लिलाव होई, जहाजासाठी खलाशी भरती होत, कधी कधी तर न्यायालयही तिथेच भरे. धंद्याला सरकारी परवाना लागे. अमेरिकेतल्या वसाहतींत तो अनेकदा विधवांना दिला जाई. बाई स्वतःचं पोट भरू लागली की तिचा भार गावावर पडत नसे, असा तो रोकडा हिशेब. म्हणजे गल्ल्यावर तुम्ही जो मिशाळ मालक बसवलाय, तिथे पन्नाशीची खमकी बाई जास्त शोभेल. अशी बाई आली की संवाद आपोआप सुधारतात, हा माझा अनुभव.

काळाची खिचडी

हेन्री मॉर्गन, काळदाढ्या ब्लॅकबिअर्ड आणि अ‍ॅन बॉनी एकाच टेबलाशी बसलेले मी वाचलेत. मॉर्गन १६८८ मध्ये वारला, ब्लॅकबिअर्ड नोव्हेंबर १७१८ मध्ये मारला गेला, बॉनी पकडली गेली १७२० मध्ये. मॉर्गनचं गाव जमैकातलं पोर्ट रॉयल. इंग्रजांनी १६५५ मध्ये जमैका घेतलं आणि जुलै १६६१ या एका महिन्यात तिथे चाळीस नव्या गुत्त्यांना परवाने दिले. ७ जून १६९२ च्या भूकंपात या गावाचा मोठा भाग समुद्रात गेला. पुढे पाण्याखाली सापडलेल्या एका खिशातल्या घड्याळाचे काटे ११ वाजून ४३ मिनिटांवर थांबलेले होते. ब्लॅकबिअर्डचा अड्डा बहामातलं नासाऊ, तेही जुलै १७१८ मध्ये गव्हर्नर वुड्स रॉजर्स चाच्यांसाठी राजाची माफी घेऊन उतरेपर्यंतच. तेव्हा एक गाव आणि एक वर्ष ठरवा, मग पात्रं बोलवा.

आणखी एक. मॉर्गन स्वतःला चाचा म्हणवून घ्यायला तयार नसे. त्याच्याकडे शत्रूला लुटण्याचा सरकारी परवाना होता. पनामा लुटल्यावर त्याला अटक करून लंडनला नेलं, आणि मग 'सर' करून जमैकाचा उपगव्हर्नर म्हणून परत पाठवलं.

चाच्याला वाघ करणं

खरी चूक ही. बाकीच्या सगळ्या हिच्या पोटातून निघतात.

गुत्त्यात चाचा हा वाघ नसतो, बकरा असतो. वेस्ट इंडीजच्या लुटारू टोळ्यांबरोबर फिरलेल्या एका शल्यवैद्याने लिहून ठेवलंय की हे लोक एका रात्रीत दोनतीन हजार स्पॅनिश डॉलर उडवत आणि सकाळी अंगावर धड सदरा उरत नसे. जरा हिशेब करा. असा डॉलर म्हणजे आठ रेआलचं चांदीचं नाणं, किंमत साधारण साडेचार शिलिंग. व्यापारी जहाजावरच्या खलाशाला महिन्याकाठी वीस ते पंचवीस शिलिंग मिळत. दोन हजार डॉलर म्हणजे त्याची निदान तीस वर्षांची कमाई, एका रात्रीत. कुणी दारूचं आख्खं पिंप विकत घेऊन रस्त्यात मांडे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला प्यायला लावी.

पैसे संपले की मालक उधारी देत. खरं नाटक इथून सुरू होतं. तोच शल्यवैद्य बजावतो की जमैकात या मालकांवर फार भरवसा ठेवू नये, कर्ज फिटलं नाही तर ते माणसालाच विकून टाकतात. म्हणजे कालपर्यंत ज्याच्या पुढ्यात पिंप फुटत होतं, तोच आज उधारीपायी दुसऱ्याच्या घरी राबायला जातो. टेबलात खुपसलेल्या सुऱ्यापेक्षा मालकाच्या हातातली उधारीची वही कितीतरी भीतीदायक. ती वही प्रवेशात आणा, तलवारबाजी आपोआप गळून पडेल.

पुरलेला खजिनाही त्यामुळेच गळतो. पुरायला उरतंय कुठे? विल्यम किडने १६९९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर थोडा ऐवज पुरला खरा, पण तो लगेच उकरून पुरावा म्हणून लंडनला गेला आणि १७०१ मध्ये किडही फासावर गेला. फळीवरून चालवत समुद्रात ढकलणं तर सोडूनच द्या.

कप्तान गुत्त्यात हुकूम सोडतो

नाही सोडत. चाच्यांच्या जहाजावर कप्तान निवडून येई आणि त्याचा शब्द चालायचा तो पाठलागात नि लढाईत. एरवी लुटीची वाटणी क्वार्टरमास्टर, म्हणजे खलाशांनीच निवडलेला कारभारी, करी. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावरचे करार तर बघा: पैसे लावून जुगार नाही, रात्री आठला दिवे बंद, त्यानंतर प्यायचं असेल तर वर उघड्या डेकवर जा. कॅरिबियनच्या जुन्या टोळ्यांत जखमांचे दरही आधी ठरत. उजवा हात गेला तर सहाशे डॉलर किंवा सहा गुलाम, डोळ्याला शंभर डॉलर किंवा एक गुलाम.

'किंवा सहा गुलाम' हे शब्द वाचून पुढे सरकू नका. तुमच्या प्रवेशात रम कुणीतरी ओततंय, भांडी कुणीतरी घासतंय, आणि ज्या उसाची ती रम आहे तो कुणीतरी तोडलाय. पोर्ट रॉयलच्या गुत्त्यात आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं दाखवलीच नाहीत, तर ते गाव खोटं वाटतं. ब्लॅकबिअर्डचं सुप्रसिद्ध जहाजही मुळात फ्रेंचांचं गुलामवाहू जहाज होतं.

पेल्यात काय आहे?

'ग्रॉग' नको. रममध्ये पाणी घालून वाटायचा हुकूम इंग्रज आरमारात अ‍ॅडमिरल व्हर्ननने १७४० मध्ये काढला, त्याच्या 'ओल्ड ग्रॉग' या टोपणनावावरून ते नाव. तोवर ब्लॅकबिअर्ड जाऊन बावीस वर्षं झाली होती. रम, मदिरा बेटाची वाइन, बिअर चालेल. सगळ्यात उत्तम 'पंच': दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला. हे नाव आपल्या पाचावरून पडलं असं सर्रास मानतात. सगळ्या अभ्यासकांना ते पटत नाही, पण १६७० च्या दशकात सुरत-मुंबईकडे राहून गेलेला डॉक्टर जॉन फ्रायर तेच सांगतो. पंच मोठ्या वाडग्यात येई आणि वाडगा हातोहात फिरे. दिग्दर्शकाला आणखी काय हवं?

मराठी माणूस आणायचाच म्हणून कान्होजी आंग्रे

इंग्रजांच्या कागदांत ते 'चाचे' आहेत म्हणून त्यांना नासाऊच्या पंगतीला बसवू नका. कान्होजी मराठ्यांचे सरखेल म्हणजे आरमारप्रमुख, दस्तक (जहाजाचा परवाना) देणारे आणि दस्तक नसलेलं जहाज धरणारे. १७१८ साली मुंबईच्या इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला तो फसला. हा आरमाराचा इतिहास, वेगळं नाटक मागतो.

आपल्या किनाऱ्याचा धागा हवाच असेल तर तो सुरतेचा घ्या. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने हाजी घेऊन सुरतेला परतणारं 'गंज-ए-सवाई' हे मुघल जहाज लुटलं. प्रवाशांवर, बायकांवर भयंकर अत्याचार झाले. औरंगजेबाच्या हुकमाने सुरतेच्या वखारीतले इंग्रज बेड्यांत पडले. एव्हरी १६९६ मध्ये नासाऊला पोचला आणि गव्हर्नरलाच लाच चारून किनाऱ्याला लागला. तो पुढे कधीच सापडला नाही.

त्याचा साथीदार जॉन डॅन मात्र सापडला. इंग्लंडात रॉचेस्टरला मुक्कामाला असताना त्याने जाकीट काढून टांगलं. मोलकरणीच्या हाताला ते जड लागलं. अस्तरात सोन्याची नाणी शिवलेली होती, हजार पौंडांहून जास्त किमतीची. डॅन पकडला गेला, साथीदारांविरुद्ध साक्षीला उभा राहिला आणि सुटला. १६९६ च्या नोव्हेंबरात त्यांतले पाच जण लंडनला फासावर गेले.